आत्याला काही कळत नव्हतं

माझ्या आत्याइतकी अडाणी बाई अख्ख्या तलवाड्यात नव्हती, असं ती स्वतःच सांगायची. "मी काय बाई, अंगठाछाप," हे शब्द कानावर पडले की मी हातातलं काम टाकून धावायचे, कारण आता कुणाची तरी फजिती ठरलेली. बी.ए.च्या पुस्तकात एका ग्रीक म्हाताऱ्याविषयी वाचलं होतं. काही कळत नसल्याचं सोंग घेऊन तो भल्याभल्यांना प्रश्न विचारायचा. मी मनात म्हटलं, हा तर आमच्या घरातलाच दिसतोय!

मला पुढं तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं होतं, शहरात राहून. आणि नेमके थोरले चुलते, आमचे आबा, दिंद्रुडचं स्थळ घेऊन हजर. "असं स्थळ परत घावायचं न्हाई, याच महिन्यात उरकू." वडील त्यांच्यापुढं मान वर करत नसत. मी आत्याचा पदर धरला.

आबा रोज संध्याकाळी देवळात पोथीचा अर्थ सांगायचे. "मला कळलं न्हाई" असं कुणी म्हटलं की त्यांना कोण आनंद! त्यांच्या या थोरल्या बहिणीला ते बरोबर ठाऊक होतं.

अंगणात शेंगा फोडता फोडता आत्या म्हणाली, "आरं आबा, मला अडाणीला सांग. लगीन नशिबात लिवलेलं असतंय का?"

"असतंय की!" आबा मांडी घालून सरसावले. "सटवीनं लिवलं ते टळत न्हाई."

"अगं बया! कुणालाच न्हाई?"

"देवालाबी न्हाई, आक्का."

"मग हिच्या नशिबात हेच पोरगं असलं, तर दोन वर्सांनी ते कुठं जाईल?"

"कुठं जातंय? तिथंच राहील."

"आन नसलं तर?"

"तर आज सुपारी फोडली तरी मोडंल."

"हेच मला कळंना बग. मग तू येवढी घाई कावून करायलास?"

आबांनी एक शेंग उचलून फोडायला घेतली. शेजारी बसलेल्या वडिलांना भलताच खोकला आला. शेवटी आबाच खो-खो हसत सुटले. "आक्का, तू अडाणी न्हाईस, लई लबाड हाईस!"

पण गडी सहजासहजी हटणारा नव्हता. "बरं, ते तत्त्वज्ञान म्हंजी काय, ते तरी सांगू दे हिला."

"मलाबी ऐकायचंय," आत्या म्हणाली. मी फुशारून सुरू झाले: ज्ञान, सत्य, आत्मा. आत्यानं दोनदाच विचारलं, "म्हंजी?" आणि माझी बोबडी वळली. मेली, माझ्याच मुळावर उठली! डोळ्यांत पाणीच आलं. "मला नीट सांगता येत न्हाई," मी कशीबशी म्हणाले.

आत्यानं पदरातली टरफलं झटकली आणि आबांकडं वळली.

"बगितलंस? पोरीला अजून काईच कळलं न्हाई. धाड तिला शिकाया."