बीम मी बसवला होता

"ही केतकी. हा सगळा प्रयोग हिनंच बसवलाय," सर पाहुण्यांना म्हणाले. मग माझ्याकडं बोट केलं. "आणि ही तिच्या मदतीला असते. पुसणं, आवरणं वगैरे."

पुसणं. आवरणं.

पाहुणे बंगळुरूहून आलेले. क्वांटम संवादावर संशोधन करणारे. आमच्या संभाजीनगरातनं एक विद्यार्थी ते त्यांच्या प्रयोगशाळेसाठी निवडणार होते. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रयोग असा, की लेसरचा उजेड इतका मंद करायचा की एका वेळी जेमतेम एखादा प्रकाशकण जावा. त्या कणांवरनं गुप्त निरोप उघडायची किल्ली पाठवायची. मधे कुणी चोरून वाचली, तर चुका वाढतात आणि चोरी कळते. ह्याच गोष्टीनं मला ह्या विषयाचं वेड लावलं.

आरसे, भिंगं मी बसवली होती. दोन महिने. स्क्रू केसभर फिरवायचा, बीम कुठं पडतो बघायचं, परत फिरवायचा. केतकी आठवड्यातनं दोनदा यायची. फोटो काढून जायची.

मी तिच्यावर जळायचे. खोटं कशाला बोलू. तिचे वडील प्राध्यापक. सर त्यांच्याकडं जेवायला जायचे, म्हणजे तिच्या शंका ताटावरच सुटायच्या. माझे आप्पा लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्याची पोती वाहणारे हमाल. मी रेल्वेनं येऊन-जाऊन शिकले. पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर माझ्या आडनावापाशी थांबले. "राखीवमधनं का?" सगळ्या वर्गासमोर. केतकीला कुणी काय विचारलं नाय. ती चुकली की "सॉरी सर" म्हणून हसायची, सरही हसायचे. तिला चुकायची मुभा होती. त्या मुभेचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा.

तिला ताप यावा, असंही मनात यायचं. एकदा आला. तर सरांनी तिच्यासाठी सगळ्यांचं प्रात्यक्षिकच पुढं ढकललं.

त्या दिवशी पाहुण्यांना दाखवताना तिचं कोपर आरशाच्या स्टँडला लागलं. पडद्यावरची प्रकाशकणांची मोजणी धाडकन खाली आली. तिनं घाबरून हाताला लागेल तो स्क्रू फिरवला. होतं तेही गेलं. ती गोरीमोरी झाली. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

"अगं, बघ ना जरा," ती हळूच म्हणाली.

"उभी काय राहिलीस? कर पटकन," सर म्हणाले.

सवयीनं माझा हात पुढं गेला. मधेच थांबला. नीट केलं तर नाव तिचं. नाय केलं तर खोट माझ्यात. आणि तेव्हा उमगलं, इतके दिवस मी नुसती केतकीवर जळत बसले. तिला उचलून पुढं बसवणाऱ्याकडं मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं.

मी सरांकडं बघितलं.

"सर, हे मी बसवलंय. आधी तसं सांगा. मग हात लावते."

"कुणासमोर बोलतीयस, कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच आत्ता बोलले."

पाहुण्यांनी केतकीला विचारलं, "कोणी बसवलं हे?" ती फरशीकडं बघत राहिली. सर चष्मा पुसत राहिले. मी बॅग उचलली आणि बाहेर पडले. प्रयोग तसाच बंद राहिला.

सरांच्या शब्दावर निवड केतकीचीच झाली. सरांनी मला शिफारसपत्र दिलं नाय. बंगळुरूच्या प्रयोगशाळेतला तिचा फोटो मोबाइलवर आला, त्या दिवशी मी भरलं ताट बाजूला सारलं.

आई म्हणाली, "गप बसली असतीस तर कागद मिळाला असता."

"व्हय. अन् जन्मभर गपच बसावं लागलं असतं."

आप्पा उठून कामावर गेले.

पीएच.डी.ची पात्रता परीक्षा मी ह्या वर्षी पास झाले. सोमवारी मुलाखत आहे. अर्जात शिफारशीची जागा कोरी सोडलीय. का कोरी, असं विचारलं तर सरांच्या नावासकट सांगीन. तिथं नाय घेतलं तर दुसरीकडं भरीन. परत परत भरीन.

मैत्रिणी म्हणतात, मत्सर सोड, त्रास तुलाच होतो. नाय सोडणार. केतकीला जे जन्मानं मिळालं, ते मला हक्कानं पाहिजे. ते कुणी वाढून देईल म्हणून मी थांबणार नाय. मी घेणार.