गोटमारीच्या गोट्यांची भिंत

पांढुर्ण्यात मी बालवाडी चालवायची, ती जाम नदीच्या काठावरच्या वस्तीत. वस्ती म्हणजे काय, पोती, पत्रे आणि काळं प्लास्टिक. राहणारे सारे बाहेरचे, बहुतेक छत्तीसगडकडून बांधकामावर आलेले. गाव त्यांना सरसकट ‘बिलासपुरी’ म्हणायचं, मग तो रायपूरचा असो की दुर्गचा. माझं काम खरं तर लेकरांना खिचडी आणि बाराखडी एवढंच. पण वस्तीत कोणाला ताप चढला, कोणाला दवाखान्यातून हाकललं, की लगेच ‘बाई, चलो’. माझं तोंड जरा जास्तच चालतं, आणि ते ह्या लोकांच्या फार कामी यायचं.

ऐंशीच्या दशकातला एक पोळा. मी घरी पुरण वाटून राहिली होती, तर वस्तीतली एक जण धापा टाकत दारात. “बाई, चलो! लडके लोग घर तोड रहे हैं!” मी तशीच पळाली.

झालं होतं ते असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या मधात पळसाचा झेंडा गाडायचा, आणि तो मिळवण्यासाठी ह्या काठावरून पांढुर्ण्यानं, त्या काठावरून सावरगावानं दिवसभर एकमेकांवर दगड मारायचे. पोरं आधीपासून हातात बसतील असे गोटे वेचून काठावर ढीग लावून ठेवतात. त्या ढिगांना कोणी हात लावत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका नव्या मजुराला मात्र ठाऊक नव्हतं. घरात म्हातारी आई, बायकोला नुकतीच मुलगी झालेली आणि झोपडीत खालून पाणी शिरत होतं. समोर गोल गोल गोट्यांचे आयते ढीग, वाली कोणी दिसेना. बिचाऱ्यानं सारे उचलले, चिखलात बसवले, कमरेएवढी भिंत घातली आणि छपराचे बांबू तिच्यावरच टेकवले. गवंड्याच्या हाताखालचा माणूस, काम एकदम पक्कं!

“आमचे गोटे काढून द्या, नाहीतर आम्ही काढतो,” पोरं म्हणत होती.

“अरे, आत बाळंतीण आहे! भिंत काढली तर छप्पर येईल ना तिच्या अंगावर!”

“थे आमाले नका सांगू बाई. तुमी सौंसरहून आलेल्या, तुमाले गोटमार काय समजते? उद्या सावरगाववाले हासतीन आमाले.”

“हासू दे! दगडांचा काय दुष्काळ पडला? दुसरे वेचा!”

“नदीले पूर हाय. गोटे भेटून नाही राहिले.”

भांडून भांडून माझा घसा बसला. तो मजूर तर हात जोडून उभा होता. भाषा कळत नव्हती, पण राग कळत होता. मग तो बाहेर चुलीपाशी पडलेली भांडीकुंडी गाठोड्यात बांधायला लागला. मी त्या घरच्या चौघांना माझ्या खोलीत नेलंही असतं. पण एक झोपडी उठली की उद्या सारी वस्ती उठवतील, हे मला पक्कं माहीत होतं. आणि ओल्या बाळंतिणीला घेऊन असल्या पावसात कोण कुठं जाणार?

तेवढ्यात एक म्हातारा आला. उभं आयुष्य गोटमार खेळलेला, कपाळावर जुनी खोक. पोरं त्याच्यापुढे ब्र काढत नसत. “पाहू द्या मले भिंत,” म्हणाला आणि वाकून आत शिरला. मी त्याच्या मागे.

आत बाळंतीण लेकराला छातीशी घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिच्या सासूनं दिवा लावला होता आणि भिंतीतल्या गोट्यांना ओळीनं शेंदूर फासला होता. म्हाताऱ्याचा पुढे झालेला हात तिथंच थांबला. त्यानं चपला काढल्या. दारातून डोकावणारी पोरंही दोन पावलं मागं सरकली. शेंदूर लागलेला गोटा दिसला की आमच्याकडे माणूस हात जोडतो, तो उचलून कोणाच्या डोक्यात कसा घालणार?

वा गं म्हातारे, काय डोकं चालवलंस, मी मनात म्हटलं. कसलं डोकं नि कसलं काय! “मोर नातिन के छट्ठी हे,” असं हसून सांगत तिनं म्हाताऱ्याच्या हातावर गूळ ठेवला. बाहेरचा गोंधळ तिला पोळ्याचाच वाटला होता, आणि आम्ही दोघं तिच्या नातीच्या छट्ठीचे, म्हणजे सहाव्या दिवसाच्या पूजेचे पाहुणे.

म्हाताऱ्यानं गूळ तोंडात टाकला. “पोरगी कोठी झाली?”

“इथंच, बाबाजी,” मी सांगितलं. “ह्याच झोपडीत. दवाखान्यात न्यायला वेळच नाही मिळाला.”

“मंग पांढुर्ण्याचीच झाली नं.” तो बाहेर आला आणि पोरांवर डाफरला, “चाला रे! आपल्याच गावच्या पोरीचं घर मोडून झेंडा जिंकता काय?”

पोरं कुरकुरत नदीकडे गेली. मी तिथंच चिखलात फतकल मारली आणि मला रडूच फुटलं, इतकं बरं वाटलं. त्या मजुराला मात्र काहीच उमगलं नव्हतं. डोक्यावर गाठोडं घेऊन तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“बाई, अब कहाँ जाएँ?”

“कहीं नहीं,” मी म्हटलं. “कहीं नहीं जाना, भैया.”