प्रभाकरच्या कागदावर नसलेली ओळ

दीड महिन्यापूर्वीचा शनिवार. आम्ही चर्चचे दहा-बारा जण संध्याकाळी विक्रमनगरला प्रभाकरच्या घरी प्रार्थनेला जमलो होतो...

प्रभाकर माझा चर्चमधला मित्र. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होता. मशिनींच्या आवाजावर ओरडून ओरडून आवाज असा झालेला, की तो प्रार्थनेला लागला की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

मी बरोबर उलटा. आमच्याकडे साखळी प्रार्थना असते, म्हणजे गोल बसून एकेकाने आपल्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करायची. माझी पाळी जवळ आली की तळहाताला घाम सुटायचा. चारचौघांत देवाशी बोलणं मला कधी जमलंच नाही.

प्रभाकरने ते न सांगता ओळखलं. तो कायम माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्या पाळीला स्वतःच सुरू करायचा. एकदा कुणीतरी टोकलं तर म्हणाला, "ह्याचंबी मीच म्हणतो. वेळ वाचतोय की."

घरी जाताना गाडीवर मात्र मला सुनावायचा. "भावा, देव काय इन्स्पेक्टर हाय व्हय? चार शब्द बोल की."

पंधरा वर्षं असंच चाललं. मग त्याच्या घशात गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच... पण भेटायला आलेलं कुणी रडवेलं झालं, की हा लेकीच्या मॅजिक स्लेटवर काहीतरी लिहून त्यालाच हसवायचा.

त्या शनिवारी त्याची पाळी आली तेव्हा त्याने खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. तू वाच, अशी खूण केली.

मी वाचू लागलो. फौंड्रीत हात भाजलेला एक सोबती. शेजारच्या काकूंचा गुडघा. पाळकसाहेबांच्या मुलीची बारावी. आणि शेवटी, डॉक्टरांना चार दिवस सुट्टी मिळू दे, फार दमलेत...

मी कागद उलटा करून बघितला. त्याच्या स्वतःसाठी एक ओळही नव्हती. तब्येत किती बिघडलीय हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याला सगळ्यांत जास्त.

आता फक्त आमेन म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "प्रभू, प्रभाकरला अजून राहू दे. मला तो हवाय."

डोळे उघडले तर वहिनी, म्हणजे त्याची बायको, उठून आत निघाल्या होत्या. मला वाटलं, चुकलंच आपलं...

प्रभाकर स्लेटवर लिहीत होता. "हे मी लिवलं न्हवतं." माझ्यापुढे धरून खांदे हलवत हसला. मग ते पुसलं, मोठ्या अक्षरांत दुसरं लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी स्लेट वर धरली.

"आमेन."

तीन आठवड्यांनी तो गेला. मागितलं ते मिळालं नाही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, घरच्यांसाठी प्रार्थना कोण करतंय... मी पुढे झालो. मध्ये दोनदा थांबलो. पण पूर्ण करूनच मागे सरलो.

असा मित्र दिलास, तुझे आभार, एवढंच शेवटी म्हणालो. आजही तेच म्हणतो.