पडद्यावरून घेतलेलं माप

जालन्याच्या एमआयडीसीत माझ्या थोरल्या मावसभावाचं शेड आहे. जुन्या मोटारसायकली खोलून, कापून, जोडून तो त्यांच्या नव्या गाड्या बांधतो. गिऱ्हाईक आलं की आधी तो त्याला उलट्या पिंपावर बसवायचा, शिंप्याच्या टेपनं पाय मोजायचा, हात पुढे करायला लावायचा आणि मगच पान्याला हात घालायचा. हौशी लोकांना हा अपमान वाटे. एका रोलिंग मिलवाल्यानं विचारलं होतं, ब्लाउज शिवतोस काय? भाऊ म्हणाला, "शेठ, ब्लाउज सैल झाला तर माणूस पडत न्हाई."

अशात एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. प्रमुख पाहुणा म्हणून सिनेमातला नट येणार होता. दर सिनेमात मोटारसायकलवरून वाऱ्यासारखा जाणारा. त्याला भेट द्यायची गाडी भावानं बांधायची ठरली. भावाची अट एकच होती. नटानं शेडपासून मैदानापर्यंत ती स्वतः चालवत न्यायची. पुढाऱ्यानं मान हलवली. पुढाऱ्यांची मान त्यासाठीच असते.

नटाचं माप काही मिळेना. त्याचा सेक्रेटरी फोन उचलत नव्हता. शेवटी भावानं मोबाइलवर सिनेमा लावला. त्यात नट जीपला टेकून उभा होता. तसलीच जीप घनसावंगीच्या वाटेवर सीटा भरते. भावानं स्टँडवर जाऊन ती टेपनं मोजली, आतली माणसं बघत बसली, आणि त्रैराशिक मांडून त्यानं नटाची उंची काढली. सहा फुटांच्या वर. मी म्हटलं, दादा, पडद्यावर सगळेच उंच असतात.

"जीप खोटं बोलती का?" तो म्हणाला.

गाडी सुरेख झाली. ती पहिल्यांदा सुरू केली तेव्हा शेजारच्या बियाण्याच्या कारखान्यातले कामगार दारात येऊन उभे राहिले. आवाज मोठा नव्हता, म्हणून आले.

वाढदिवसाला ढोलताशे, जेसीबीतून फुलं, सगळं झालं. शेडसमोर नट मोटारीतून उतरला. तो उंचीनं पुढाऱ्याच्या कानापर्यंत पोचत होता, आणि पुढारी काही ताडमाड नव्हता. जीपजवळ त्याला कशावर उभं केलं होतं ते त्या सिनेमावाल्यांनाच ठाऊक. दोघांनी गाडी धरली, तिसऱ्यानं हात दिला, नट चढून बसला. दोन्ही पाय अधांतरी. सेक्रेटरीनं पायाखाली काहीतरी द्यायला सांगितलं. भावाच्याच शेडमधले दोन लोखंडी ठोकळे आले. फोटो गुडघ्यापासून वर काढले.

भाऊ गर्दीतून पुढे गेला. "साहेब, दोन घंटे द्या. सीट खाली घेतो. मंग चालवून बघा."

नट सभ्य माणूस होता. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, चालवतो कोण? सिनेमातसुद्धा दुसराच चालवतो."

सगळे हसले. विनम्रतेचं कौतुकही झालं. मैदानापर्यंत गाडी टेम्पोतून गेली आणि संध्याकाळी टेम्पोतूनच शेडला परत आली. मुंबईहून माणूस न्यायला येईल असं सेक्रेटरी म्हणाला होता. अजून आलेला नाही. फोटो मात्र जिल्हाभर चौकाचौकांत लागला.

मग पोरं येऊ लागली. घनसावंगीची, पिंपळगाव रेणुकाईची, मोबाइलवर तोच फोटो घेऊन. पिंपावर बसायला कुणी तयार होईना. सेम अशीच पाहिजे, एवढीच उंच. पहिल्या काहींना भावानं माघारी लावलं. ती दुसऱ्या शेडमध्ये गेली. मग तो माघारी लावेनासा झाला.

आता ही पोरं सिग्नलला चवड्यांवर लटकतात. कुणी दुभाजकावर पाय टेकवतो, कुणी शेजारच्या बसची खिडकी धरून हिरवा दिवा लागायची वाट बघतो. एकाचा घोटा मोडला, तो प्लास्टरसकट दुसरी गाडी सांगायला आला. तीही उंचच.

ताडपत्रीखाली पडलेली ती नटाची गाडी उंचीला कमी करून तूच का चालवत नाहीस, असं मी भावाला परवा विचारलं. तो एका पोराची सीट वर चढवत होता.

"ती कुणाच्याच मापाची न्हाई, साहेब. राहू दे."

मी सरकारी कचेरीत आहे, म्हणून तो मला साहेब म्हणतो. आधी चेष्टेत म्हणायचा. बसायला जागा शोधली तर पिंप सुलटं केलेलं होतं. त्यात आता जळकं ऑइल साठवतात.