बालदीतले उंदीर

तर गुरुदास मेस्त्रीने टिलरच्या इंजिनाचं झाकण उचललं मात्र, आणि भपकन असा वास सुटला की यशोदाकाकीने दारच लावून घेतलं. तिच्या पुतण्याने, प्रीतमने, तो नांगरणीचा टिलर पाच पावसाळे माडाखाली टाकलेला. वर कोंबड्यांची शीट, आत कुजलेले उंदीर. आज नांगरणी झाली नाही तर काकीचा तरवा, लावणीची भातरोपं, फुकट जाणार, तेव्हा कुठे आठवण झाली. गुरुदास थुंकत, शिव्या देत हातानेच घाण बालदीत भरत राहिला. दुपारच्या आत इंजिन धडधडलं.

नाकावरचा रुमाल न काढताच प्रीतम गुरुदासला म्हणाला, "मामा, टिलर न्हेव मां?"

"न्हे. पण पयली ती बालदी उचल. पाच वर्सां तूच पोसलंस मां त्येंका?"