वीस दातांची राखण

लंकाबाईला वस्तीवर कुणी भांडखोर म्हणे, कुणी तोंडाळ. दोन्ही खरंच होतं. पण यंदा ती कशासाठी भांडली हे कळल्यावर पाथर्डीच्या बाजारापर्यंत लोक हसले. ती भांडली दुधाच्या दातांसाठी.

मूळ गेल्या हिवाळ्यातलं. मुलगा वैजनाथ आणि सून पंकजा दरसालप्रमाणे बेलापूरकडे ऊसतोडीला गेलेले, दोन्ही लेकरं आजीपाशी. सहा वर्षांच्या आदिनाथची दाढ ठणकायला लागली. लंकाबाईने आपल्या आईने केलं असतं तेच केलं. भाजलेल्या तंबाखूची मिश्री चिमूटभर घेऊन दाढेत दाबली. पोराला गरगरलं, भडाभडा ओकलं. दुसऱ्या दिवशी गाल टम्म फुगला, तेव्हा ती त्याला घेऊन नगरला पळाली. दोन दाढा काढाव्या लागल्या.

"मिश्री कुणी भरली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी. दुसरं कोन भरनार? पन दुधाचीच हुती ना? पडनारच हुती."

"दहा-अकराव्या वर्षी पडली असती, आजी. तोवर ती खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवते. आणि इतकी वर्षं हा चावणार कशाने?"

लंकाबाईने पोराचा हात धरला आणि बाहेर पडली. तो अपमान ती विसरली नाही.

चैत्रात पंकजा परतली, पोराच्या तोंडात डोकावली आणि म्हणाली, "आत्या, येत्या हंगामाला सृष्टी माझ्यासंग येनार. तुमच्यापाशी न्हाई ठेवनार."

धाकटी सृष्टी तेव्हा अडीच वर्षांची. तिला फडावर नेणं म्हणजे काय, हे लंकाबाईला सांगायला नको होतं. वीस हंगाम तिने स्वतः कोयता चालवला होता. बांधाला फडक्यावर निजलेलं लेकरू आणि त्याच्या पायांपासून हातभरावरून वळणारे उसाचे ट्रॅक्टर तिने पाहिले होते.

"दसऱ्यापतुर तिचं तोंड माझ्या ताब्यात," ती म्हणाली. "तू दिवसभर रानात, तू मधी पडायचं न्हाई. एक जरी दात किडला तर खुशाल ने. मी हूं का चूं करनार न्हाई."

"तू आन् हूं चूं न्हाई?" वैजनाथ हसला. "मंग पोरीचे दात किडलेलेच बरे की!"

अंगणवाडीच्या जयाताईला लंकाबाईने अंगणवाडीच्या दारातच गाठलं. जयाताईने लेकराचे दात कसे घासायचे ते दाखवलं, तिने एकदाच पाहिलं आणि पाठ केलं. ओट्यावर मांडी घालायची, पोरीचं डोकं मांडीत, तोंड उजेडाकडे. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, ब्रश लहान आणि मऊ, फेस फडक्याने पुसून घ्यायचा. सकाळी एकदा, निजायच्या आधी एकदा, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून हिरडीलगत बघायचं. तिथे चुन्यासारखा पांढरट पट्टा दिसला, तर किडीची ती पहिली वर्दी. लगेच डॉक्टर गाठायचा, काळं पडायची वाट बघायची नाही. मोठ्या आदिनाथचेही दात मोठ्यांनीच घासायचे. सहा वर्षांचं पोर आपले आपण दात घासतं म्हणणारे त्याला कधी घासताना बघत नाहीत.

पहिले आठ दिवस सृष्टीने आजीच्या बोटाला चावे काढले. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची सवय होती तिला. बाटलीत नुसतं पाणी आलं तेव्हा तिने वस्ती डोक्यावर घेतली. शेजारच्या बनुबाईने विचारलं, "लंके, मारती का काय पोरीला?"

"दात घासती. तुझ्या नातवाचे घासले असतेस तर त्यालाबी चने फोडता आले असते."

मग ज्येष्ठात लंकाबाईचीच पाळी आली. एका सकाळी ती अंगणात आली तर सृष्टी उंबऱ्यावर बसलेली, आजीची मिश्रीची डबी उघडलेली आणि बोट डबीत. आजी रोज घासायची तस्संच, तर्जनी वाकवून, बोट आता तोंडाकडे निघालं होतं. लंकाबाईने झेप घेऊन हात धरला, धुतला. मग डबी घेऊन तडक उकिरड्यावर गेली आणि चाळीस वर्षांची सोबत पालथी केली.

पुढचे पंधरा दिवस कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. डोकं ठणकायचं, आणि मिश्रीशिवाय परसाकडला होत नाही हे काय दुःख असतं ते मिश्रीवालीलाच विचारावं. पण डबी पुन्हा आली नाही.

नागपंचमीला लंकाबाईची नणंद आक्काबाई आली, ती पेढे आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेऊन. लंकाबाईने पुडा वर ठेवला.

"पोरीच्या तोंडचं काढून घेती? कसली आजी गं तू!"

"जेवताना देते की, आक्का. जेवनाबरं एक खाईल, वर पानी पिईल. दिसभर चघळत बसायची न्हाई. तुमचे किती दात हायत, मोजून सांगा, मंग मला शिकवा."

आक्काबाईने पदर तोंडाला लावला.

दसरा झाला. ऊसतोडीच्या मुकादमाचा टेम्पो वस्तीवर येऊन भोंगा वाजवू लागला. पंकजाने सृष्टीचं गाठोडंही बांधून टेम्पोत टाकून ठेवलं होतं. सासूवर तिचा भरवसा नव्हता. ती ओट्यावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि ओठ उचलायला तर्जनी पुढे केली.

लंकाबाईने तिचं मनगट धरलं. पंकजाचं बोट मिश्रीने काळंभोर होतं.

"आधी हात धू."

टेम्पोतल्या बाया हसल्या. पंकजा लाल झाली, पण उठली, साबणाने हात धुतले. मग विसांतला एकेक दात पाहिला. वरचे, खालचे, दाढा. एकीपाशी थबकली.

"ह्ये काय, आत्या?"

 लंकाबाई वाकली, नखाने टोकरलं.

"शेंगदान्याचं साल हाय. आत्ताच खाल्लाय तिनं."

पंकजाने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. टेम्पोपाशी गेली, लहान गाठोडं खाली घेतलं आणि आणून सासूच्या पायापाशी ठेवलं.

लंकाबाईने हात पुढे केला. "आता तुझी डबी."

"आत्या, फडावर लागती मला."

"मला चाळीस वर्सं लागत हुती."

"हंगाम झाल्यावर बघू," म्हणत पंकजा डबी कमरेला खोचून टेम्पोत चढली. जाताजाता तिने पोरीच्या हातात एक पेढा कोंबला, ओल्या डोळ्यांनी.

"बघूच!" लंकाबाई टेम्पोमागे ओरडली. "चैत्रात ये, तुझंबी तोंड उघडून बघते!"

धुरळा खाली बसला. सृष्टीने पेढा गट्ट केला. लंकाबाईने पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावला.