रस्त्याकडं तोंड केलेल्या चपला

सलोमीबाईंवर मी लिहावं, हे खरं तर मला शोभत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी वडीलधारी माणसं आहेत. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, एवढंच. पण आई म्हणाली, "त्यास्नी कुठं लिव्हता येतंय? तूच लिही." बाई जाऊन आता महिना होत आला, म्हणून धीर करतो आहे.

सलोमीबाई आमच्या बायबलबाई. जळकोटजवळ हायवेच्या कडेला पत्र्याचं आमचं छोटं चर्च आहे. लेकरांकडून वचनं पाठ करून घेणं, आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणं, हे त्यांचं काम. रविवारी मात्र त्या दाराशी बसायच्या आणि सगळ्यांनी काढलेल्या चपला ओळीनं लावायच्या, तोंडं रस्त्याकडं करून. त्यांचा एक नियम होता. पहिलं गीत सुरू झालं की शेवटच्या आशीर्वादापर्यंत कुणी उठायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. चुळबुळ दिसली की म्हणायच्या, "देवाच्या म्होरं बसलाव, एसटीत न्हाय." मी तो नियम कधी मोडला नाही. न उठता बसणं म्हणजेच विश्वास, असं मला वाटायचं... म्हणूनच बारावीत असताना, पुढं कॉलेजला सोलापूरला जायचं ठरायला लागलं तेव्हा भीती वाटायला लागली. तिथं दाराशी बाई नसणार. मग माझा विश्वास टिकेल का?

त्याच वर्षी, कोजागिरीच्या आधीचा रविवार. हायवेनं तुळजापूरला चालत निघालेल्यांची रीघ लागली होती. पाळकसाहेबांचं प्रवचन रंगात आलेलं असताना एक यात्रेकरू बाई आमच्या भिंतीला टेकून मटकन खाली बसली. पायांना फोड आलेले. आणि सलोमीबाई उठल्या... सगळी मंडळी वळून बघायला लागली, पाळकसाहेबही क्षणभर थांबले. त्या परत आत आल्याच नाहीत. खिडकीतून दिसत होतं, तिचे पाय मांडीवर घेऊन त्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधत होत्या. "तुमची पूजा मोडली की माझ्यापायी," ती म्हणाली. "न्हाय मोडली. पाय हालवू नगं."

नंतर मी विचारलं, "बाई, आज तुम्हीच उठलाव की."

त्या हसल्या. "लई वर्सं बसूनच होते रं. लेकरू आईचा पदर धरून चालतंय, तसा म्या नियम धरला. चांगलंच हाय ते, लेकरू हरवत न्हाय. पण मोठं झाल्यावर आईच्या तोंडाकडं बघाया लागतंय. ती कुणाकडं बघतीया, ते बघाया लागतंय."

"मग मीपण मधून उठू का?"

"उठून कुठं चाललास ते आधी बघ. मोबाईल बघाया उठलास तर टंगडी मोडीन."

सोलापुरात पहिले काही महिने मी हजेरी लावल्यासारखा चर्चला गेलो. मग एका रविवारी खोलीतल्या मल्लिकार्जुनला सणकून ताप भरला. तो मुरुम गावचा, घरी महादेवाची पूजा. माझ्या नियमांची चेष्टा करायचा, पण ते सगळे त्याला माहीत होते. मी चर्चला न जाता त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलो आणि संध्याकाळी घाबरतच बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "ताप उतरला का त्याचा?" त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, टिकेल... दाराशी कुणी नसलं तरी.

गेल्या महिन्यात सोलापूरच्या चर्चमध्ये उपासनेत सहज मागं वळलो, तर मल्लिकार्जुन बाहेर चपलांजवळ मांडी घालून बसलेला. गंमत बघायला आला असेल, असं वाटलं. बाईंच्या धाकानं मोबाईल मी रविवारी अजूनही खोलीवरच ठेवतो. आशीर्वाद झाला, मी बाहेर आलो, तसा तो उठला.

"तुझ्या आईचा फोन आलता," तो म्हणाला. "सलोमीबाई गेल्या."

"तू कधी आलास?" मी विचारलं.

"पहिलं गाणं चालू होतं. मधनं उठवायचं नसतंय, तूच म्हणतोस की." मग हळूच म्हणाला, "दुपारी माती हाय. दोस्ताची गाडी आणलीय. पोचतो आपण."

मी खाली बघितलं. माझ्या चपला त्यानं वळवून ठेवल्या होत्या, तोंड रस्त्याकडं करून.